दोन इमारतींमधलं मेंदूविज्ञान: पदवी स्तरावरच्या एका अभ्यासक्रमाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या, जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका अनुदानित स्वायत्त कॉलेजचं आहे. नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. अभ्यास मंडळावर बाहेरचा सदस्य म्हणून मला हा प्रवास जवळून पाहता आला.

कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखा एकाच आवारात. प्राणिशास्त्र विभाग जुना. त्याच्या म्युझियममधल्या फॉर्मलिनच्या बरण्यांवरची लेबलं पिवळी पडलेली. मानसशास्त्र विभाग समोरच्या इमारतीत, कला शाखेत, मोजक्या शिक्षकांचा. दोन्ही विभागांच्या शिक्षकांची गाठ पडायची ती परीक्षेच्या सुपरव्हिजनला. गंमत अशी, की दोन्हीकडे एकच आकृती शिकवली जात होती. टीवायच्या शरीरक्रियाशास्त्रात न्यूरॉन (चेतापेशी), ॲक्शन पोटेन्शियलचा (पेशीतून धावणाऱ्या विद्युत संकेताचा) ग्राफ आणि सिनॅप्स (दोन पेशींमधला सांधा), बी.ए.च्या मानसशास्त्रात ‘वर्तनाचा जैविक पाया’ या नावाखाली पुन्हा न्यूरॉन, पुन्हा सिनॅप्स. एकीकडे आयन (विद्युतभारित कण) होते पण वर्तन नव्हतं, दुसरीकडे वर्तन होतं पण आयन नव्हते.

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आली. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा ऐच्छिक पेपर), स्किल कोर्स अशी खाती उघडली आणि प्रत्येक विभागाला नवे पेपर सुचवायला सांगण्यात आलं. प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुख मॅडमनी न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदू आणि चेतासंस्थेचं विज्ञान, सुचवलं. एम.एस्सी.च्या मुलाखतींना जाऊन आलेली त्यांची मुलं सांगत, की या विषयावर प्रश्न येतात आणि आपण पहिल्याच उपप्रश्नाला गप्प होतो.

अमेरिकेत हा विषय पदवीला कसा रुजला, ते इथे उपयोगी पडतं. १९७०च्या दशकात ॲमहर्स्ट, ओबर्लिन यांसारख्या छोट्या कॉलेजांनी सुरुवात केली. १९९०चं दशक तिथल्या सरकारने ‘मेंदूचं दशक’ म्हणून जाहीर केलं आणि ओघ वाढला. १९९१मध्ये पदवीला हा विषय शिकवणाऱ्या शिक्षकांनी स्वतःची संघटना काढली, १९९५मध्ये डेव्हिडसन कॉलेजात कार्यशाळा घेऊन अभ्यासक्रमाचे चार आराखडे मांडले, आणि २००२पासून शिकवण्याच्या प्रयोगांना वाहिलेलं नियतकालिक चालवलं. यातला बराचसा भार मोठ्या संशोधन विद्यापीठांनी नव्हे, तर शिकवण्यावर जगणाऱ्या छोट्या कॉलेजांनी उचलला. आपल्याकडे उलट झालं. मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत जीवशास्त्रज्ञ ओबेद सिद्दीकींनी फळमाशीच्या चेतासंस्थेवर जागतिक दर्जाचं काम उभं केलं. बंगळुरूला निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञानाची संस्था, मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. कळस झळाळतोय, पदवीचा मजला मात्र बहुतेक ठिकाणी रिकामा.

अडचण

पहिली अडचण जागेची. ओपन इलेक्टिव्ह मुलांनी आपल्या मेजरच्या शाखेबाहेरचं घ्यायचं असतं. म्हणजे प्राणिशास्त्राने न्यूरोसायन्स ओपन इलेक्टिव्ह म्हणून ठेवलं, तर ते त्यांच्याच मुलांना घेता येणार नाही. मायनर ठेवलं तर दोन्हीकडची मुलं येऊ शकतात, पण कला शाखेचे तास सकाळच्या सत्रात आणि विज्ञानाची प्रॅक्टिकलं दुपारी. सकाळच्या सत्रातली बरीच मुलं दुपारी कामाला जातात किंवा गावाकडची एसटी गाठतात.

दुसरी अडचण प्रॅक्टिकलची. पाश्चात्त्य कॉलेजांत या विषयाचं पहिलं प्रॅक्टिकल म्हणजे झुरळाच्या पायातले विद्युत संकेत ऐकणं, किंवा मेंढीच्या मेंदूचं विच्छेदन. आपल्याकडे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०११मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४मध्ये प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांतून ते थांबवलं. झुरळ तेव्हाच गेलं.

तिसरी अडचण बैठकीत कुणी उघड बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तीच होती: वर्कलोड. अनुदानित कॉलेजात मंजूर पदं तासांवर टिकतात. माझ्या विभागातले तास दुसऱ्या विभागाला गेले, तर उद्या निवृत्तीने रिकामी होणारी जागा भरली जाईल का, ही भीती खरी असते. ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द धोरणात कितीही वेळा येवो, वेळापत्रकाच्या तक्त्यात प्रत्येक तासासमोर एकाच विभागाचं नाव लिहायची जागा असते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत झगमगीत: न्यूरोसायन्समध्ये स्वतंत्र बी.एस्सी. व्यवस्थापनाला तो आवडला होता, कारण जाहिरातीत तो उठून दिसतो. पण त्यासाठी लागणारे शिक्षक नव्हते, आणि तीन वर्षांनी मुलांनी कुठे जायचं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, की सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ‘प्राणिशास्त्र किंवा समकक्ष’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा आपल्या मुलाने समकक्षतेचा दाखला आणायचा कुठून? हा प्रश्न रुक्ष होता आणि निर्णायकही. पर्याय तिथेच बाद झाला.

दुसरा, दोन्ही विभागांचा मिळून मायनर. तत्त्वतः हाच योग्य, पण सेमिस्टरमागून सेमिस्टर पेपर लागणार आणि सत्रांचा गुंता सुटलेला नव्हता.

तिसरा, प्रमाणपत्र कोर्स: कॉलेज सुटल्यावर, वेगळी फी घेऊन. नॅकच्या (कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या) फायलीसाठी सोयीचा. असे कोर्स पहिल्या वर्षी गर्दी करतात आणि तिसऱ्या वर्षी कागदावर उरतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

चौथा, काहीच नवं न आणता शरीरक्रियाशास्त्राचा पेपर सुधारायचा.

पाचवा पर्याय मांडला मानसशास्त्राच्या सरांनी. दोन छोटे, दोन-दोन श्रेयांकांचे (क्रेडिटचे) पेपर करू. एक ओपन इलेक्टिव्ह, कला-वाणिज्याच्या मुलांसाठी, सकाळी. दुसरा स्किल कोर्स, प्राणिशास्त्राच्या मुलांसाठी, दुपारी, हातांनी मोजमाप करण्याचा. दोन्ही चालले तर त्यातून मायनर बांधू.

काय ठरलं आणि का

पाचवा पर्याय मान्य झाला, पण तो नुसता मधला मार्ग म्हणून नव्हे. त्यात वर्कलोडची गाठ सोडवायची सोय होती. प्राचार्यांनी तास न वाटता श्रेयांक वाटले. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे ३०. दोन्ही पेपरांत थिअरीचा श्रेयांक मानसशास्त्राच्या नावावर आणि प्रॅक्टिकलचा प्राणिशास्त्राच्या. कुणी कुणाच्या तासाला मदत केली तरी कागदावर वाटणी स्वच्छ राहते. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो, आणि त्यात न्यूरोसायन्सचा अंशही नाही.

प्रॅक्टिकलबद्दल मात्र बराच खल झाला. एका तरुण शिक्षकाने सुचवलं, की बकऱ्याचा भेजा खाटकाकडे मिळतोच. तो खाण्यासाठी कापलेल्या जनावराचा, तेव्हा विच्छेदनबंदीचा प्रश्न येत नाही. मुद्दा चुकीचा नव्हता. पण खाटीक कवटी सुऱ्याने फोडतो, त्यामुळे भेजा हाती येतो तो अर्धवट तुटलेला, आणि लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभ नीट दिसावेत हा तर हेतू. शिवाय वर्गात शाकाहारी घरांतली मुलं होती. शेवटी प्लास्टिकचं मॉडेल आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना संग्रहालयाची एक भेट यावर भागवायचं ठरलं. फळमाशीचाही विचार झाला. रवा, गूळ, अगर आणि यीस्टवर ती आनंदाने वाढते, नळी ठोकली की वर चढते, आणि चढण्याच्या वेगावरून बरंच काही शिकवता येतं. पण तिला २५ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. एसी नसलेल्या खोलीत आपल्याकडचा एप्रिल तिला सोसत नाही.

उरला तो विद्यार्थ्यांचा स्वतःचा देह. स्नायू आकसताना त्वचेवर मिलिव्होल्टच्या घरातला संकेत मिळतो. चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड, संकेत मोठा करणारा एक ॲम्प्लिफायर, आर्डुइनो हा छोटा, स्वस्त संगणकी बोर्ड आणि लॅपटॉप एवढ्यात तो पडद्यावर येतो. प्राणी नको, रसायन नको. ठरलं.

पहिलं सेमिस्टर

तयार परदेशी किट मागवायचं तर तीन कोटेशनं हवीत, आणि विकणारा एकच. खरेदी समितीने फाइल परत पाठवली. मग इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या मुलांनी बाजारात मिळणारं स्वस्त मॉड्यूल जोडून दिलं. पडद्यावर रेघ आली, पण मूठ कितीही आवळली तरी संकेत मरगळलेला. कारण शोधायला वेळ गेला: ते मॉड्यूल ईसीजीसाठी, म्हणजे हृदयाच्या संकेतासाठी बनवलेलं, साधारण ४० हर्ट्झच्या वरचं सगळं गाळून टाकणारं. स्नायूच्या संकेताचा मोठा भाग २० ते ५०० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे जे मोजायचं तेच सर्किट गाळत होतं. हृदयाची गती मंद, स्नायूचं काम चपळ, म्हणून दोघांना वेगळी चाळणी लागते, हे मुलांना तिथे जसं कळलं तसं कुठल्याही व्याख्यानाने कळलं नसतं. फिल्टर बदलला आणि रेघ जिवंत झाली.

पुढचा शत्रू ५० हर्ट्झचा, म्हणजे घरगुती विजेचा. ट्यूबलाइट, पंखे, भिंतीतल्या वायरी सगळ्यांची गुणगुण इलेक्ट्रोडमध्ये शिरत होती. उपाय साधे निघाले: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवणं, वायरी एकमेकींत पिळून घेणं, त्वचा स्पिरिटने पुसणं. चार्जर काढण्याला सुरक्षिततेचंही कारण होतं. देहाला जोडलेलं काहीही भिंतीतल्या प्लगशी जोडलेलं नसावं, हा नियम पहिल्याच पानावर छापला गेला आणि तो पाळला गेला नाही तर प्रॅक्टिकल बंद, असं ठरलं.

मूळ योजनेत गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया होती. त्यासाठी मांडीच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावावे लागतात. मिश्र बॅचमध्ये, उघड्या हॉलमध्ये हे होणार नाही, हे प्रयोगशाळेतल्या मॅडमच्या लक्षात यायला पहिला दिवस पुरला. काही मुली सरळ गैरहजर राहिल्या. पडदा लावावा की मुलींची बॅच वेगळी करावी, यावर चर्चा सुरू असताना एका विद्यार्थिनीनेच सुचवलं, की टाचेच्या वरच्या शिरेवर ठोकून पोटरीवर मोजू या. पँटचा पाय वर सारला की झालं. प्रश्न मिटला आणि प्रयोगही सुधारला, कारण अंतर वाढल्याने वेळ जास्त ठळक मोजता आला.

हे प्रॅक्टिकल पुढे अभ्यासक्रमाचा कणा झालं, म्हणून थोडं सविस्तर. हातोडीला पायझो चकती (ठोका बसला की विद्युत संकेत देणारी) चिकटवलेली; ठोका पडला की काळ मोजायला सुरुवात. पोटरीचा संकेत साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांनी येतो. मग त्याच मुलाला सांगायचं, की ठोका जाणवला की मूठ आवळ. आता वेळ शंभर मिलिसेकंदांच्या पलीकडे जातो. पहिला निरोप मज्जारज्जूतून परत फिरला, दुसरा मेंदूपर्यंत जाऊन आला. मज्जातंतूतला वेग सेकंदाला ५० मीटरच्या आसपास धरला तर पोटरी ते मज्जारज्जू आणि परत हा दीडेक मीटरचा प्रवास ३० मिलिसेकंदांत बसतो. हे गणित मुलं स्वतः करतात. एका बॅचने त्याच्याही पुढे जाऊन उंचीचा स्तंभ जोडला. उंच मुलांचा वेळ जास्त येतो हे त्यांना ग्राफवर दिसलं. पाठ्यपुस्तकात न वाचलेली गोष्ट आपल्याच वर्गाच्या आकड्यांतून निघते, तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

सकाळच्या ओपन इलेक्टिव्हची गोष्ट वेगळी. तिथे फूटपट्टी पुरली. जोडीदाराने सोडलेली पट्टी २० सेंटीमीटरवर पकडली तर प्रतिक्रियेला ०.२ सेकंद लागले. डोळे मिटून आवाजावर पकडली तर बहुधा थोडी लवकर. पण या वर्गात सगळ्यांत रंगला तो भाग ‘दाव्यांची तपासणी’. मुलांना आपल्या गावातली पत्रकं आणायला सांगितली होती. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ (मेंदू ‘जागवून’ मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा), बोटांच्या ठशांवरून मेंदूची क्षमता, उजवा मेंदू-डावा मेंदू, आपण मेंदूचा फक्त १० टक्के वापरतो: सगळं आलं. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणाऱ्या मुलांच्या खेळातली नाकाजवळची फट अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी पूर्वीच दाखवून दिली आहे. वर्गाचं काम त्यापुढचं होतं: हा दावा खरा मानायचा तर कोणता प्रयोग लावावा लागेल? वाणिज्यच्या एका मुलाने धाकट्या बहिणीची अशा क्लासला भरलेली फी परत मागितली. मिळाली नाही.

कुठे अडलं

थिअरीत अडलं. पोटॅशियम आयन दर लिटरमागे पेशीच्या आत १४० आणि बाहेर ५ मिलिमोलच्या आसपास असतात, आणि या फरकातून उणे ९० मिलिव्होल्टच्या जवळचा विद्युतदाब तयार होतो, हे सांगायला लॉगॅरिदम लागतो. कला शाखेच्या बऱ्याच मुलांचं गणित दहावीनंतर सुटलेलं. सरांनी ते समीकरण ओपन इलेक्टिव्हमधून काढून टाकलं. मला हा निर्णय घाईचा वाटला आणि तसं मी बैठकीत म्हटलं. समीकरण काढलं ते ठीक, पण त्यासोबत आयनांची असमानता ही कल्पनाच गेली आणि ‘मेंदूत करंट असतो’ एवढंच उरलं. दोन भांड्यांच्या चित्राने आणि आकड्यांच्या तक्त्याने ती टिकवता आली असती. सरांचं म्हणणं होतं, की पहिल्याच आठवड्यात मुलं घाबरून गेली तर पुढचं कुणाला शिकवणार? त्यांच्यापाशी वर्गाचा अनुभव होता, माझ्यापाशी नव्हता. वाद तिथेच राहिला.

परीक्षेतही अडलं. पहिल्या प्रश्नपत्रिकेत मेंदूचे भाग सांगा, १२ कर्पर चेता (मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्या) लिहा, टिपा द्या असेच प्रश्न निघाले, कारण पेपर काढणाऱ्याला तशीच सवय. ज्यांनी प्रॅक्टिकलला जीव ओतला ती मुलं मागे पडली आणि गाइड पाठ करणारी पुढे गेली. दुसऱ्या वर्षी अभ्यास मंडळाने ठरवलं, की प्रश्नपत्रिकेत एक न पाहिलेला ग्राफ द्यायचा आणि त्यावरच प्रश्न विचारायचे. सर्टिफाइड जर्नलमध्येही बदल झाला: प्रत्येकाचे आकडे वेगळे असल्याने शेजाऱ्याची जर्नल उतरवण्यात अर्थ उरला नाही.

संमतीचा मुद्दा उशिरा आला. वर्गातलं प्रात्यक्षिक हे संशोधन नव्हे, म्हणून नैतिकता समितीकडे जायची गरज कुणाला वाटली नव्हती. पण उंचीचा ग्राफ महाविद्यालयीन अधिवेशनात पोस्टर म्हणून मांडायचं ठरलं, तेव्हा प्रश्न उभा राहिला. माणसांवरच्या संशोधनाच्या नैतिकतेबद्दलची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं काढून पाहिली गेली. पोस्टर त्या वर्षी थांबवलं. मुलं नाराज झाली, पण निर्णय बरोबर होता. पुढच्या बॅचपासून सुरुवातीलाच छापील संमती, नावाऐवजी क्रमांक, आणि ‘मी इलेक्ट्रोड लावून घेणार नाही’ म्हणणाऱ्याला आकडे मोजण्याचं काम, गुण न कापता.

निष्पत्ती

दोन्ही पेपर टिकले. ओपन इलेक्टिव्हला मागणी आहे. त्यात विषयाची ओढ किती आणि सकाळी लवकर सुटण्याची सोय किती, हे मी ठामपणे सांगणार नाही. स्किल कोर्समधली काही मुलं न्यूरोसायन्सकडे वळली, काही इलेक्ट्रॉनिक्सकडे. शरीरक्रियाशास्त्राच्या जुन्या पेपरमधली न्यूरॉनची आकृती आता फळ्यावर थोडक्यात आटोपते, कारण मुलांनी तिचं काम पडद्यावर पाहिलेलं असतं. दोन इमारतींमधल्या शिक्षकांची गाठ आता सुपरव्हिजनशिवायही पडते.

काय वेगळं करता आलं असतं

सर्किट आधी बनलं आणि काय मोजायचं ते नंतर ठरलं. उलट क्रमाने गेलो असतो तर ४० हर्ट्झचा घोळ कागदावरच सापडला असता. अर्थात तो घोळ शिकवून गेला, पण दर वर्षी घोळावर विसंबता येत नाही. म्हणून आता तेच जुनं मॉड्यूल मुद्दाम एका टेबलावर ठेवलेलं असतं आणि दोष शोधणं हेच त्या दिवशीचं काम.

प्रश्नपत्रिका अभ्यासक्रमासोबतच लिहायला हवी होती. नवा पेपर मंजुरीला येताना श्रेयांक, युनिट आणि संदर्भ तपासले जातात. नमुना प्रश्नपत्रिका कुणी मागत नाही. मागितली असती तर १२ कर्पर चेता बैठकीतच दिसल्या असत्या.

संमतीचं पान पहिल्या दिवशी हवं होतं. त्याचा खर्च शून्य.

सगळ्यांत कच्ची बाजू माणसांची. सर्किट, कोड आणि प्रॅक्टिकलची बहुतेक मांडणी तासिका तत्त्वावरच्या एका शिक्षकाने केली होती. अशी नेमणूक दर वर्षी नव्याने होते. दुसऱ्या वर्षाअखेर त्यांना दुसरीकडे काम मिळालं आणि ते गेले. जाण्याआधी त्यांनी सर्किटचा नकाशा आणि कोड विभागाच्या संगणकावर ठेवले, ते स्वतःच्या भल्या स्वभावामुळे. कॉलेजने तसं मागितलं नव्हतं. पहिल्या सेमिस्टरपासूनच कायम शिक्षकांपैकी एकाला त्यांच्या शेजारी उभं करायला हवं होतं, आणि त्या उभं राहण्याचे तास वर्कलोडमध्ये धरायला हवे होते. ते धरले जात नाहीत, म्हणून कुणी उभं राहत नाही.

मायनरचा प्रस्ताव आता अभ्यास मंडळापुढे आहे. मानसशास्त्राची अट अशी, की पहिला पेपर दोन्ही विभागांनी मिळून काढायचा आणि मिळून तपासायचा. प्राणिशास्त्राला ते मान्य आहे. शनिवारी दोन्ही सत्रांची मुलं एकत्र आणण्याचा तोडगाही निघाला आहे. प्राचार्यांनी प्रस्ताव एकाच शेऱ्यासह परत पाठवला: तपासणीचे तास कोणत्या विभागाच्या खात्यात, ते लिहून आणा.